मुलांना घेऊन रत्नागिरी शहर: दिवसभराच्या रिक्षात काय बघावं, काय सोडावं

रत्नागिरीला येणारी बहुतेक कुटुंबं गणपतीपुळ्याला जातात आणि शहर जाता-येता उरकतात. आरेवारेच्या किनारी रस्त्याने पुळं पंचवीसेक किलोमीटरवर असल्यामुळे दोन्ही एकाच दिवशी होईल असा हिशेब असतो. मोठ्यांचं होतंही. सहा ते बारा वर्षांचं पोर मात्र दुपारी दोनलाच कंटाळतं आणि उरलेला दिवस सगळ्यांनाच जड जातो. शहराला अख्खा दिवस द्यावा, एवढं इथे आहे. मुलांच्या दृष्टीने पाचपैकी चार गुण सहज. एक गुण कापला तो पायी फिरता येत नाही म्हणून: ठिकाणं विखुरलेली आणि सगळीकडे चढउतार.

त्यामुळे वाहन लागतंच, आणि चौघांच्या कुटुंबाला दिवसभराची रिक्षा सगळ्यात सोयीची. टिळक आळीसारख्या जुन्या भागात मोठी गाडी लावायला जागा शोधावी लागते, रिक्षा मात्र दारात थांबते. दिवसभराच्या फेरीला मीटर नसतो, पैसे ठरवूनच निघायचं. ठरवताना नुसतं 'शहर दाखवा' म्हणू नका. ठिकाणांची नावं सांगा, थांबण्याचा वेळ धरलाय का ते विचारा आणि शेवटी स्टेशनला सोडायचं असेल तर तेही आधीच बोला. संध्याकाळी वाद होतो तो याच गोष्टींवरून. शहर बसही आहे, पण मूल बरोबर असताना थांब्यावर वाट बघण्यात वेळ जातो.

वार बघून या. थिबा राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि तो वगळला तर दिवसाचा अर्धा जीव जातो.

अनेक जण सकाळी राजवाडा आणि दुपारी किल्ला करतात. हे उलटं करा. रत्नदुर्ग किल्ल्यावर सावली कमी आणि पायाखाली जांभा दगड. अकरानंतर तो असा तापतो की मंदिराशी चपला काढल्यावर पोरं नाचायलाच लागतात. आठ-साडेआठला वर असलात तर वारा असतो आणि खाली मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार होड्यांची ये-जा दिसते. रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, मग पायऱ्या चढून भगवतीचं मंदिर. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तिन्ही बाजूंना समुद्र. हा आकार नुसता सांगून मुलांना कळत नाही. तटावरून एका टोकाला दीपगृह दाखवा आणि दुसऱ्या टोकाला आपण उभे आहोत हे सांगा, मग लगेच उमगतं. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतला, पुढे तो आंग्र्यांकडे आला. एवढा इतिहास जागेवर पुरे. तटाचा कठडा सगळीकडे पोराच्या छातीइतका उंच नाही, हात सोडू नका. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे आणि आत सोडतात ते ठरावीक वेळेतच, त्यामुळे सकाळच्या फेरीत ते धरू नका.

किल्ला उतरल्यावर त्याच अंगाला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र, १९५८ पासूनचं. दिवसातलं मुलांचं सगळ्यात लाडकं ठिकाण हेच ठरतं, आणि त्याला कारण काचेतले मासे नव्हेत, तर देवमाशाचा सांगाडा. मुलांना आधी एका मणक्याजवळ न्या, मग बरगड्या मोजायला लावा आणि शेवटी लांब जाऊन पूर्ण सांगाडा बघू द्या. उलट क्रमाने गेलात तर 'मोठा आहे' म्हणून पुढे पळतात. देवमासा मासा नाही, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, हे इथे सांगितलेलं विसरत नाहीत. टाक्यांवर टकटक आणि फ्लॅश दोन्ही नको. पाऊण तास ठेवा.

टिळकांचं जन्मस्थान वीस मिनिटांचं. २३ जुलै १८५६ ला बाळ गंगाधर टिळक या घरात जन्मले. फलक वाचत बसण्यापेक्षा घर दाखवा: चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला पाऊस खूप पडतो म्हणून छप्पर एवढं उतरतं, हे समोर बघून पटतं. पतितपावन मंदिर वाटेत करता येतं. सर्व जातींना खुलं म्हणून भागोजीशेठ कीर यांनी ते १९३१ मध्ये उभारलं, मागे सावरकरांची प्रेरणा. दहाच्या वरच्या मुलांना इथे थांबवून हे जरूर सांगावं.

जेवायला साडेबाराच्या आत बसा, एकनंतर खानावळींत रांग लागते. मुलांसाठी सुरमईचा तुकडा मागवा. मधला काटा काढला की काम झालं. बांगडा चवीला कितीही छान असला तरी बारीक काट्यांमुळे लहानांना भरवणाऱ्याचं जेवण गार होतं. सोलकढीत मिरची-लसूण असते, आधी चाखून मग द्या. शाकाहारींना मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवावे लागतात.

दुपारची उन्हं राजवाड्यात काढा. आत सावली, उंच छत, कमानीदार लाकडी खिडक्या. राजाचं सामान फारसं उरलेलं नाही, त्यामुळे गोष्ट माहीत नसेल तर मुलाला रिकाम्या खोल्याच दिसतात. म्हणून ती जेवतानाच सांगून टाका. इंग्रजांनी १८५७ नंतर दिल्लीच्या बादशहाला ब्रह्मदेशात नेऊन ठेवलं आणि १८८५ मध्ये ब्रह्मदेश (आताचा म्यानमार) जिंकल्यावर तिथल्या थिबा राजाला इकडे आणलं. तो १८८६ पासून रत्नागिरीत होता. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये आणि तो वारला १९१६ मध्ये. एवढ्या मोठ्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं, आणि तीही कैदेत! हे ऐकून आलेलं मूल खिडकीपाशी आपोआप रेंगाळतं. म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये मुद्दाम इथे आले होते. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी छान दिसते.

संध्याकाळी समुद्र हवाच. मांडवीची वाळू काळसर. साधं चुंबक बरोबर नेलंत तर काळे कण त्याला चिकटतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवा, नाहीतर कण निघता निघत नाहीत. मोकळं खेळायला भाट्ये बरं, सुरूच्या बनाची सावलीही आहे. पण खाडीच्या मुखाकडे मुलाला गुडघाभर पाण्यातही सोडू नका, ओहोटीला तिथे ओढ जबरदस्त असते.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहाला पूर्ण भरती, म्हणजे संध्याकाळी खेळायला वाळू थोडीच. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणून पाच-साडेपाचला ओहोटी आणि रुंद किनारा. सहलीचा दिवस कॅलेंडरवर वारासकट तिथी बघूनच ठरवा. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलही नको.

रात्रीची रेल्वे असेल तर किनाऱ्यावरून थेट निघा. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर आहे आणि रात्री ऐनवेळी रिक्षा शोधणं अवघड जातं. मुलांचे कोरडे कपडे सामानाच्या तळाशी नको, वरच ठेवा.