इंजिनात साधं पाणी होतं आणि मी ते बघितलं होतं

१४०४ पाउंड ४० पेन्स. पूर्ण आकडा आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोला 'हजाराच्या आसपास' सांगितलंय आणि बाबांना रुपयात सांगायची तर माझी हिंमतच नाही, कारण बाबांची आख्खी नोकरी कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत इंजिनचे ब्लॉक ओतण्यात गेली आणि त्यांच्या पोराला इंग्लंडात एक माणूस चीर गेलेलं इंजिन समोर चालू करून दाखवून विकून गेला. बदली झालेला फौजी स्कूटर विकतोय, क्यूआर स्कॅन करा पैसे येतील, हे सगळे प्रकार मला पाठ आहेत, घरच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध करणारा मीच. आणि मीच गंडलो.

कव्हेंट्रीजवळ राहतो, घराला लागून एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे, त्यात लोटस सेव्हन या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार (सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी) बांधलीय. चॅसी आणि फायबरचे पार्ट किटमधे आले, बाकी इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एका गंजून गेलेल्या माझदा एमएक्स-फाईव्हमधून काढलेलं. इकडे हा छंद जुना आहे, १९५७ ला लोटस सेव्हन आली तेव्हा सुट्या भागात घेतली की परचेस टॅक्स (तेव्हाचा खरेदीवरचा कर) वाचायचा म्हणून लोक घरीच जोडायचे, पुढे तो टॅक्स गेला पण खाज राहिली. माझं इंजिन अगदी सुरुवातीच्या सालातलं १.६ लिटरचं, आखूड नाकाच्या क्रँकचं (क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा). ज्यांना माहीत आहे ते आत्ताच डोक्याला हात लावतील. त्या क्रँकच्या टोकावरची चावी आणि तिची खाच झिजते, पुली डुगडुगते, टायमिंग हलतं आणि मग क्रँकच गेला. (घ्यायच्या आधी पुलीच्या खाचा मोजा, चार असल्या तर आखूड नाक, आठ असल्या तर बरं. मी मोजल्या नव्हत्या, पण ते रडगाणं वेगळं.)

तर दुसरं इंजिन पाहिजे. जाहिरात दिसली, १.८, ५८,००० मैल, मागून ठोकलेल्या गाडीतलं, 'चालू करून बघा मग न्या', ६५० पाउंड. भाव फार कमी नव्हता हे लक्षात घ्या. २०० ला असतं तर मला पण संशय आला असता. ५० पाउंड डिपॉझिट पाठवलं आणि १८ जानेवारी २०२५, शनिवारी भाड्याची व्हॅन घेऊन गेलो, ७८ पाउंड भाडं आणि ३४ चं डिझेल.

आता ते अंगण. माणूस पन्नाशीचा, एकदम गोड, हातात चहाचा मग, दर वाक्याला 'मेट'. त्यानेच चारनंतर या म्हणून सांगितलेलं, आणि इथे जानेवारीत साडेचारला अंधार पडतो. इंजिन लाकडी पॅलेटवर बांधलेलं, त्याला एक जुना रेडिएटर आणि दोन होज (रबरी नळ्या) लावलेले, बाजूला बॅटरी. मी पोचायच्या आधीच चालू करून ठेवलेलं. हात लावला तर हेड (ब्लॉकच्या वर बसतो तो भाग) कोमट. 'थंडीत तुझा वेळ जायला नको म्हणून गरम करून ठेवलं मेट.' इथेच पहिली चूक, थंड इंजिन चालू होताना बघायला मिळालं नाही तर परत फिरा, कारण कुठलंही असो. ब्लॉकला काळा स्प्रे पेंट मारलेला, इतका ताजा की होजच्या रबरावर आणि क्लिपच्या स्क्रूवर पण उडालेला. मी मनात म्हटलं वा, माणूस निगा राखतो.

आणि मग त्याने रेडिएटरची कॅप काढली, टॉर्च मारला आणि म्हणाला, 'बघ, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, तेल नाही, गंज नाही, साय नाही.' मी वाकलो. आत खरंच साधं पाणी होतं, तळापर्यंत टॉर्चचा उजेड जात होता. मी मान डोलावली. म्हणजे बघा, इंग्लंड, जानेवारी, उघड्यावर ठेवलेलं इंजिन, आणि आत साधं पाणी. त्याच दिवशी सकाळी मी व्हॅनच्या काचेवरचा बर्फ खरवडला होता. साध्या पाण्यात रात्र काढली तर गोठून ब्लॉक फुटेल हे इथल्या शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, म्हणून अँटीफ्रीझ घालतात, हिरवं, निळं, गुलाबी, कुठलंही पण रंगीत. बिनरंगाचं पाणी याचा अर्थ एकच, कोणीतरी आजच अँटीफ्रीझ धुवून काढलंय, आणि ते का काढतात? कारण चीर बुजवायचं जे बाटलीतलं औषध मिळतं त्यातल्या बऱ्याच औषधांत सोडियम सिलिकेट असतं आणि अँटीफ्रीझमधे त्याची जेली होते, म्हणून बाटलीवरच लिहिलेलं असतं आधी सिस्टीम स्वच्छ धुवा आणि फक्त पाण्यात टाका. त्याने मला गुन्ह्याचा पुरावा टॉर्च मारून दाखवला आणि मी म्हटलं, 'फारच छान.'

सोडियम सिलिकेट मी लहानपणापासून बघितलंय हो. फाउंड्रीच्या कोअर शॉपमधे वाळूत सिलिकेट कालवतात, वरून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मिनिटभरात वाळूचा दगड होतो. सुट्टीत बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा तो खेळच वाटायचा. त्याच्या पॅलेटवरच्या इंजिनला थर्मोस्टॅटच्या (गरम झालेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) जोडाशी काळ्या पेंटच्या खालून पांढरी, काचेसारखी खपली डोकावत होती, मी ती नखाने खरवडली पण, आणि वाटलं की कठीण पाण्याचा क्षार असेल. नखाखाली ती अर्धा तास टोचत होती, व्हॅन चालवताना.

माझी बाजू पण ऐका. चौदा वर्षं प्रॉडक्शनमधे आहे, अडाणी नाही. अंधार होता, पाऊस भुरभुरत होता, इंजिन सुरेख चाललं, दहा मिनिटं, धूर नाही, टकटक नाही. डिपॉझिट गेलेलं, व्हॅन सात वाजता परत द्यायची. माणूस अशा वेळी इंजिन बघत नाही, घड्याळ बघतो.

पैसे देताना तो म्हणाला कार्ड मशीन नाही. बँकेच्या अ‍ॅपने सरळ सांगितलं की खात्यावरचं नाव जुळत नाही. 'बायकोचं खातं आहे मेट.' पाठवले ६००. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १०० पाउंडच्या वरच्या खरेदीला इथल्या १९७४ च्या कायद्याचं कलम ७५ लागू होतं, दुकानदाराने गंडवलं तर कार्ड कंपनी पण तितकीच जबाबदार. माझ्या खिशात क्रेडिट कार्ड होतं. त्या दिवशी मी त्या कार्डाने फक्त काचेवरचा बर्फ खरवडला.

पुढचे पाच वीकेंड गॅरेजमधे. किट कारमधे इंजिन बसवणं सोपं, पाण्याचे पाईप अवघड. या माझदाच्या इंजिनचा मूळ आराखडा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतल्या आडव्या इंजिनचा, उभं बसवताना थर्मोस्टॅट मागच्या टोकाचा पुढे आणला, त्यामुळे पाणी पंपातून आत येतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर पडतं, मागचा चार नंबरचा सिलिंडर उपाशी. म्हणून लोक रीराउट करतात, थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेतात, पुढचं तोंड बंद करतात. मी पण केलं. रीराउट किट १६५, सिलिकॉनचे होज ११२.४०, वर हेडर टँक (सिस्टीमची पाण्याची वरची टाकी) ३८, अँटीफ्रीझ २२, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ९४, इंजिन उचलायचा होइस्ट दोनदा भाड्याने ४५. किट कारचं नाक खाली आणि इंजिनचं हेड वर, त्यामुळे हवा अडकते, हेडर टँक सगळ्यात उंच पाहिजे, एकही होज मधेच उंटाच्या पाठीसारखा वर जाता कामा नये. हे सगळं मला येतं आणि मी नीट केलं होतं. हे दोनदा सांगतोय कारण पुढे सगळ्यांनी मला हेच ऐकवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी अँटीफ्रीझ अर्धंअर्धं भरून चालू केलं. पहिल्या दिवशी झकास. तिसऱ्या दिवशी हेडर टँकमधे बुडबुडे. म्हटलं हवा अडकलीय. नाक जॅकवर चढवलं, होज दाबून दाबून हवा काढली, कॅप बदलली, टँक अजून दोन इंच वर नेला. तीन आठवडे! रात्री साडेनऊला बायको गॅरेजच्या दारात उभी राहून विचारायची अजून हवाच काढतोयस का. मग एका सकाळी, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना, वरचा होज हाताला लागला तर लाकडासारखा कडक. रात्रभरात प्रेशर उतरलंच नव्हतं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात जात होता. निळ्या पाण्याची टेस्ट किट आणली, २६ पाउंड, टँकच्या तोंडावर धरली आणि निळं पाणी डोळ्यांदेखत पिवळं झालं, म्हणजे गॅस आहेच. हीच किट २६ पाउंडला जानेवारीत आणून त्याच्या अंगणात धरली असती, हे वाक्य मी रोज रात्री झोपताना म्हणतो.

हेड काढलं. पाण्याच्या वाटांमधे पांढरट जेली, साबुदाण्याच्या खिचडीला पाणी जास्त झालं की होते तशी, आणि थर्मोस्टॅट तिच्यात चिकटलेला. हेडची प्रेशर टेस्ट ६० पाउंड, चार नंबरच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधे चीर. मशीन शॉपवाला म्हातारा जेली बोटावर घेऊन म्हणाला, आत साधं पाणी होतं ना? त्याला दोन सेकंद लागले.

विकणाऱ्याला मेसेज केला, फोटो पाठवले. उत्तर आलं: घरी बनवलेली गाडी, घरी केलेलं प्लंबिंग, तूच हवा अडकवून इंजिन शिजवलंस मेट. मग मला ब्लॉक केलं. आणि हीच त्याची खरी चलाखी, तो किट कारवाल्यांनाच विकतो. साध्या गाडीत बसवलं असतं तर कोणी विचारलं नसतं, आमच्याकडे मात्र प्रत्येक होज आम्ही स्वतः कापलेला, म्हणजे दोष आयता आमचा.

बँक म्हणाली वस्तू मिळाली, म्हणजे हा फ्रॉड नाही, दोघांतला व्यवहाराचा वाद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे बँकांनी परत द्यायचे हा नियम आहे, ८५,००० पाउंडपर्यंत, पण असले वाद त्यातून वगळलेत, आणि बँकेतल्या पोरीने ते मला इतक्या प्रेमाने वाचून दाखवलं की तिला थँक्यू म्हणून बसलो. पोलिसांनी सांगितलं सिव्हिल मॅटर. फसवणुकीच्या तक्रारीचा फॉर्म भरला, एक तास, त्यात 'इंजिन' असा प्रकारच नाही म्हणून 'इतर' निवडलं, एक नंबर मिळाला, सहा आठवड्यांनी पत्र आलं की तपासाला पुरेसा धागा नाही. धागा नाही? पत्ता दिलाय, खातं दिलंय, गाडीचा नंबर दिलाय, अजून काय, त्याला गिफ्ट पॅक करून आणू? ग्राहक हेल्पलाइनवर ४५ मिनिटं तीच एक पियानोची धून, मग बाई म्हणाली खाजगी विक्री असेल तर तुमचे हक्क कमी. अहो त्याच्या ताडपत्रीखाली अजून पाच इंजिनं होती, खाजगी माणूस पाच इंजिनं कशाला पाळेल? धंदेवाल्याने खाजगी असल्याचं सोंग घेणं इथे गुन्हा आहे. ती म्हणाली पुरावा आहे का, त्याच्या बाकीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट? नव्हते. जाहिराती गेल्या होत्या. आधी स्क्रीनशॉट, मग फोन, हे हातावर गोंदवून घ्या. माझी तक्रार पुढे पाठवते म्हणाली. पुढे म्हणजे कुठे, अजून कळलेलं नाही. आणि धंदेवाला सिद्ध झाला असता तरी माल परत करायची ३० दिवसांची मुदत १७ फेब्रुवारीला संपली, तेव्हा मी होजला क्लिपा लावत होतो. म्हणून इंजिन आणलं की आधी जमिनीवरच कॉम्प्रेशन आणि प्रेशर टेस्ट करून घ्या, पाईप लावायची घाई करू नका. तीस दिवसांनंतर पण दुरुस्ती मागता येते आणि सहा महिने दोष आधीपासून नव्हता हे धंदेवाल्याने सिद्ध करायचं असतं, पण त्यासाठी धंदेवाला सापडायला पाहिजे.

पावतीवर त्याने लिहिलं होतं 'जसं आहे तसं विकलं'. त्याला घाबरू नका, खोटं वर्णन करून विकलं असेल तर त्या ओळीने खाजगी विक्रेता पण सुटत नाही. इंजिन बदललं की गाडीच्या कागदांवर नंबर बदलायला पावती कामाला येते, म्हणून पावतीवर नाव, पत्ता, इंजिन नंबर सगळं समोर लिहून घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा, पेंट मारलेला असेल तर खरवडून.

शेवटी ऑनलाइन दावा ठोकला, १३२४.४० चा, फी ८० पाउंड. त्याने उत्तरच दिलं नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. निकाल म्हणजे एक कागद. वसुलीला माणूस पाठवायचा तर परत फी, आणि मी जुलैमधे स्वतः जाऊन बघितलं तर अंगण रिकामं, पॅलेट गेलेली, जमिनीवर तेलाचा चौकोनी डाग.

गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाने एक जाहिरात दिसली. १.८, ६१,००० मैल, तीच निळी ताडपत्री, तोच जुना रेडिएटर, चालू करून बघा मग न्या. ६९५ पाउंड, भाव वाढलाय. यावेळी आधी सगळे स्क्रीनशॉट काढले, मग मित्राच्या खात्यावरून एकच प्रश्न विचारला, आत अँटीफ्रीझ कुठल्या रंगाचं आहे. मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर अजून नाही.