एग फ्रीझिंगची सेवा: लग्न न करणारीला ती किती उपयोगी?

"लग्न कधी?" या प्रश्नाच्या पोटात बहुधा "मूल कधी?" हा प्रश्न असतो. स्त्रीबीजं गोठवण्याची सेवा या दोन प्रश्नांची गाठ सैल करते. तेवढ्यापुरती ती चांगली आहे.

जाहिरातींमध्ये करिअरसाठी थांबणारी बाई दिसते. अमेरिका आणि इस्रायलमध्ये ही सेवा घेतलेल्या 150 जणींशी मानववंशशास्त्रज्ञ मार्शिया इनहॉर्न आणि सहकाऱ्यांनी बोलून पाहिलं, तर 85 टक्के स्त्रियांना जोडीदारच नव्हता. बहुतेक देशांत उच्च शिक्षणात मुली मुलांच्या पुढे आहेत, पण घरकाम, आजारपणं आणि बदलीच्या वेळी कोणी नोकरी सोडायची, याची वाटणी जुनीच आहे. ज्यांनी हा हिशेब मांडून लग्नाला नकार दिला, त्यांच्या कारणांना ही सेवा हातही लावत नाही.

आता प्रक्रिया. आधी एएमएच या अंडाशयातल्या संप्रेरकाची रक्तचाचणी आणि सोनोग्राफीत बीजकोशांची, म्हणजे बीजं वाढतात त्या अंडाशयातल्या छोट्या पिशव्यांची, मोजणी. यातून बीजं किती मिळतील याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. मग साधारण 10 ते 12 दिवस रोज पोटावर इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. शेवटचं, बीजं पक्व करणारं ट्रिगर इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं, कारण बीजं त्यानंतर सुमारे 36 तासांनी काढतात. वेळ चुकली तर ती कच्ची राहतात किंवा आधीच सुटून जातात, आणि सगळी मेहनत वाया जाते. बीजं भूल देऊन, सुईने, योनीमार्गे काढतात. नंतर काही दिवस धावणं-उड्या बंद. सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. पोट झपाट्याने फुगलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर अंडाशयांनी इंजेक्शनांना अति प्रतिसाद दिलेला असू शकतो; तडक दवाखाना गाठावा. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असेल तर या अति प्रतिसादाचा धोका जास्त.

"किती निघाली?" यापेक्षा "परिपक्व किती?" हे विचारा, कारण गोठवतात ती परिपक्वच. 2017 च्या एका गणिती अंदाजानुसार एक मूल होण्याची 75 टक्के शक्यता हवी असेल तर 34 व्या वर्षी 10 बीजं पुरतात, 37 व्या वर्षी 20 लागतात आणि 42 व्या वर्षी 61. चाळिशीनंतर भरघोस आश्वासन देणाऱ्या केंद्रापासून लांबच राहावं.

उणे 196 अंशांतली साठवण हा त्यातला सोपा भाग. केंद्र पारखायचं ते वेगळ्या प्रश्नावर: तुमच्याच प्रयोगशाळेत वितळवलेल्या बीजांपासून किती बाळं जन्मली? गोठवण्याचे आकडे सगळे सांगतात, पण बीजं वापरायला परतणाऱ्या स्त्रिया थोड्याच, त्यामुळे इथे उत्तर अडखळतं.

मूल नकोच असलेल्या बाईने नातेवाइकांच्या समाधानासाठी हे करू नये. "असू दे राखीव" म्हणणाऱ्यांना इंजेक्शनं टोचून घ्यायची नसतात.

संमतीपत्र घरी नेऊन वाचा. दरवर्षीचं साठवणशुल्क, ते थकलं तर काय, मृत्यूनंतर बीजांचं काय, आणि सर्वांत महत्त्वाचं: दात्याचे शुक्राणू वापरून अविवाहित स्त्रीला ती बीजं वापरता येतील का? काही ठिकाणी गोठवायला परवानगी असते, पण वापरताना पतीची सही मागतात. हे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नका.