भिगवणसाठी घेतलेली दुर्बीण शार्त्रच्या खिडक्यांवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

८ × ४२ ची (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) ही दुर्बीण पुण्यात असताना पक्ष्यांसाठी घेतली होती. पुढे नोकरीनिमित्त इटलीत, बोलोन्याला आले आणि तिला वेगळंच काम लागलं. गेले कित्येक महिने ती रोमन स्तंभ, मोझॅकं (रंगीत खड्यांची चित्रं) आणि कॅथीड्रलच्या खिडक्या बघायलाच बॅगेतून बाहेर निघते. मध्यम किमतीची आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं सगळं या वर्गातल्या कुठल्याही चांगल्या दुर्बिणीला लागू पडेल.

आधी आकड्यांचं. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. खिशात मावणाऱ्या ८ × २५ मध्ये हा झोत तीनच मिलिमीटरचा. भिगवणच्या उन्हात हा फरक कळतही नाही, पण हिवाळ्यातल्या संध्याकाळी जुन्या चर्चमध्ये छोट्या दुर्बिणीतून नुसता काळोख मोठा होऊन दिसतो. दहा पटीची घेऊ नका. हात हलतो, आणि तिपाई बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत.

पहिला खरा उपयोग झाला रोममध्ये, सम्राट ट्रेजनच्या स्तंभापाशी. इ.स. ११३ मधला हा स्तंभ चौथऱ्यासकट सुमारे ३८ मीटर उंच आहे. डेशियावरच्या, म्हणजे आजच्या रोमानियातल्या, दोन मोहिमांची कथा त्यावर वेटोळे घेत वर जाते. शिल्पपट्टीची लांबी जवळजवळ २०० मीटर आणि आकृत्या अडीच हजारांवर. खालचे फेरे नुसत्या डोळ्यांनी दिसतात: डॅन्यूब नदीचा दाढीवाला देव पाण्यातून अर्धा वर आलाय, होड्यांच्या पुलावरून सैन्य चाललंय. त्याच्या वर मात्र सगळा खडबडीत संगमरवर. दुर्बीण लावली तेव्हा अगदी वरच्या बाजूला डेशियाचा राजा डेसेबालस सापडला. झाडाखाली गुडघे टेकलेले, वाकडी सुरी स्वतःच्या गळ्याशी, आणि रोमन घोडेस्वार त्याच्यावर झेपावलेले. अख्ख्या युद्धाचा कळस तो, आणि खाली उभ्या असलेल्या रोमन माणसाला तो नीट दिसत असेल असं मला वाटत नाही. शेजारी दोन ग्रंथालयं होती, तिथल्या वरच्या मजल्यांवरून बघता येत असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण तिथूनही एकच बाजू दिसणार. कथा सलग वाचायची तर स्तंभाला २३ प्रदक्षिणा घालायला हव्यात, त्याही मान वर करून.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. बघणाऱ्याला दिसणारच नसेल, तर एवढं बारीक काम नेमकं कोणासाठी?

रावेन्ना बोलोन्याहून रेल्वेनं तासाभराच्या थोडं पुढे, त्यामुळे तिथे पुन्हा पुन्हा जाणं झालं. दुर्बिणीचे पैसे वसूल होतात ते सांत आपोलिनारे नुओवोमध्ये. गॉथ राजा थिओडोरिक एरियन पंथाचा, म्हणजे येशूला ईश्वराच्या बरोबरीचा न मानणाऱ्यांतला. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला हे चर्च त्यानं बांधून घेतलं. मग या पंथाला पाखंड मानणारं बायझंटाइन राज्य आलं, आणि ५६० च्या दशकात बिशप अग्नेल्लुसच्या काळात राजवाड्याच्या मोझॅकमधली माणसं काढून त्यांच्या जागी पडदे बसवले गेले. पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले! पांढऱ्या खांबावर एक सुटा हात, धड कुठेच नाही. दुर्बिणीतून त्या बोटांचे खडे वेगवेगळे दिसतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, खिडक्यांच्याही वर, येशूच्या आयुष्यातले २६ छोटे प्रसंग आहेत. एका बाजूला तो बिनदाढीचा तरुण, समोरच्या बाजूला दाढीवाला, आणि क्रूसावर चढवल्याचा प्रसंग मालिकेत नाहीच. हे प्रसंगही थिओडोरिकच्याच काळातले, पण त्यांना कोणी हात लावला नाही. दुर्बीण नसेल तर लोक खालच्या संतांच्या रांगा बघून निघून जातात.

मग शार्त्र. ११९४ च्या आगीनंतर नव्यानं उभं राहिलेलं कॅथीड्रल, पॅरिसहून रेल्वेनं साधारण तासाभरावर. चर्चमधली चित्रं म्हणजे निरक्षरांचं बायबल, हे वाक्य प्रत्येक गाइडच्या तोंडी असतं. त्याचं मूळ पोप ग्रेगरीनं इ.स. ६०० च्या सुमाराला मार्सेच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात आहे. त्या बिशपनं चर्चमधली चित्रं फोडली होती. खालच्या खिडक्यांपुरतं हे वाक्य खरं मानू. बायबलातल्या भल्या शोमरोनी माणसाच्या कथेच्या खिडकीत तळाला चांभार काम करताना अगदी स्पष्ट दिसतात. (खिडकीचे पैसे त्यांनीच दिले का, यावर मात्र वाद आहे.) वरच्या खिडक्यांतले बारकावे कुठला निरक्षर शेतकरी वाचणार होता?

दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांत चार शुभवर्तमानकार (येशूचं चरित्र लिहिणारे) चार संदेष्ट्यांच्या (येशूच्या आधीच्या, जुन्या करारातल्या) खांद्यांवर बसलेत. दुर्बिणीतून बघा, लहान मुलं आजोबांच्या खांद्यावर बसतात तसे पाय पुढे सोडून. शार्त्रच्याच शाळेत शिकवणारा बर्नार्ड म्हणायचा, की आपण महाकाय माणसांच्या खांद्यांवर बसलेले बुटके आहोत. हे नोंदवून ठेवलं सॉल्झबरीच्या जॉननं, जो पुढे इथलाच बिशप झाला. खिडकी घडवणाऱ्यांच्या मनात तेच वाक्य होतं का, हे सिद्ध करता येत नाही. मला मोह होतो एवढंच. पश्चिमेच्या उजव्या दाराच्या कमानीत तर जुनी सगळी शाळाच भरलीय. व्याकरणबाई (व्याकरणविद्येचं स्त्रीरूप) हातात छडी घेऊन दोन पोरांपुढे बसल्यात, आणि ॲरिस्टॉटल दौतीत लेखणी बुडवतोय. ख्रिश्चन नसलेल्या तत्त्वज्ञाला मेरीच्या दारावर जागा मिळाली, यातून बाराव्या शतकाबद्दल जे कळलं ते मला जाड पुस्तकांतून कळलं नव्हतं.

माझ्या किड्याला त्यातल्या त्यात बरं उत्तर मिळालं ते मठाधिपती स्युजेरकडून. ११४४ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस चर्चच्या नव्या गायनमंडपाचं अभिषेकविधीसह उद्घाटन करणारा हा माणूस. त्यानं दारावर कोरून घेतलं, की मंद बुद्धी जड वस्तूंमधूनच सत्याकडे चढते. म्हणजे काच वाचायची नव्हतीच, तिच्यातून येणाऱ्या उजेडात उभं राहायचं होतं. ग्रेगरीपेक्षा मला हे पटतं. याच काळातला क्लेर्व्होचा बर्नार्ड (शार्त्रचा नव्हे, दुसरा) मठातल्या चित्रविचित्र शिल्पांवर भडकला होता, कारण भिक्षू ग्रंथ सोडून दगडच बघत बसतात. त्यानं माझी दुर्बीण जप्तच केली असती.

आता तक्रारी. साडेसहाशे ग्रॅम गळ्यात घेऊन दिवसभर फिरलं की मान धरते. बारीक पट्टा काढून रुंद पट्टा लावून घ्या. काळ्या भिंतीतल्या उजळ काचेकडे बघताना कडांना जांभळी झालर दिसते, महागड्या दुर्बिणींत ती कमी असते. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याजवळची रबरी कडी) मुडपून बघूनच विकत घ्या. इटलीत खिशात नाणी ठेवा, पुष्कळ चर्चमध्ये नाणं टाकल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि फोकस करेपर्यंत विझतात.

सगळीकडे ती न्यायचीही गरज नाही. रावेन्नातल्याच गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीमंदिरात छत हाताशी असल्यासारखं आहे आणि आत मोजकीच मिनिटं थांबू देतात. रोमच्या पँथिऑनमध्ये ४३ मीटरचा घुमट एकदम डोळ्यात मावायला हवा, तिथे तुकडे करून बघण्यात अर्थ नाही. नवीन घेणार असाल आणि पक्ष्यांचा नाद नसेल, तर ६ × ३० बघा: झोत पाच मिलिमीटरचा, वजन बरंच कमी आणि हात हलला तरी चित्र फारसं हलत नाही.