एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी: कंपनी मिळते, कर-निवास नाही

वर्षभर दोन-तीन देशांत ये-जा करत धंदा चालवणारे बरेच जण ई-रेसिडेन्सी चुकीच्या कारणासाठी घेतात. एस्टोनिया सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली ही सेवा म्हणजे एक सरकारी डिजिटल ओळखपत्र. त्यावर तिथे राहता येत नाही, व्हिसा किंवा नागरिकत्व मिळत नाही आणि तुमचा कर-निवासही (कराच्या दृष्टीने कोणता देश तुम्हाला आपला रहिवासी धरतो ते) बदलत नाही. सगळा घोळ नावातल्या 'रेसिडेन्सी'मुळे होतो.

ओळखपत्र म्हणून मात्र ते उत्तम आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण कार्ड घ्यायला निवडलेल्या ठिकाणी स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. म्हणून अर्ज भरतानाच पुढच्या काही आठवड्यांत आपण कुठे असणार ते पाहून ठिकाण निवडा. चार अंकी पिन-१ लॉगिनसाठी, पाच अंकी पिन-२ सहीसाठी. तीनदा चुकला की पिन बंद होतो आणि तो उघडायला पक कोड लागतो; तो कार्डाबरोबर एकाच बॅगेत ठेवू नका. पिन-२ ने केलेली सही युरोपियन युनियनमध्ये हातच्या सहीइतकीच ग्राह्य धरली जाते.

कंपनी, म्हणजे तिथली 'ओयू' (खासगी मर्यादित कंपनी), काढणंही सुटसुटीत आहे. २,५०० युरो भांडवलाची अट २०२३ मध्ये गेली. तिथला पत्ता आणि संचालक बाहेर असेल तर संपर्क-व्यक्ती (कंपनीच्या वतीने सरकारी कागद स्वीकारणारी), एवढं मात्र लागतंच. वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत द्यायचा. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही. लाभांश काढला की २०२५ पासून २२/७८ हा दर लागतो: ७८ युरो वाटायचे तर २२ युरो कर.

हा शून्य कर सगळ्यात मोठं आकर्षण, आणि नेमका तोच सहज हातचा जातो. एकटा संचालक दुसऱ्या देशात बसून किंमती ठरवतो, करारांवर सह्या करतो, बँक हाताळतो. त्या देशाच्या कायद्यात 'कंपनी प्रत्यक्षात कुठून चालते' ही कसोटी असेल, तर कंपनी तिथलीही करनिवासी ठरू शकते. तसं झालं नाही तरी तिथे कंपनीची 'कायम आस्थापना', म्हणजे धंद्याचं पक्कं ठिकाण आहे असं धरून नफ्याचा काही भाग तिथे करपात्र होऊ शकतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१७ च्या नमुना करारानुसार (दोन देशांतले दुहेरी कर टाळण्याचे करार यावर बेततात) कंपनीचा असा दुहेरी निवास आपोआप सुटत नाही. दोन्ही देशांच्या कर अधिकाऱ्यांना आपसांत ठरवावं लागतं, आणि तोवर कराराच्या सवलती अडकतात. शिवाय परदेशी कंपनीत साठवलेला नफा थेट मालकाच्या उत्पन्नात धरणारे नियमही अनेक देशांत आहेत.

मालकाच्या स्वतःच्या निवासाचं उत्तर या कार्डात नाहीच. '१८३ दिवसांच्या आत राहिलो की सुटलो' हा समज महागात पडतो. अमेरिकेत चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षाचे एक षष्ठांश मोजतात. सलग तीन वर्षं १२० दिवस राहिलात तर बेरीज १८० होते. १२२ राहिलात तर बरोबर १८३, म्हणजे निवासी. ब्रिटनमध्ये दिवस मोजताना साधारणपणे मध्यरात्री तिथे होतात का ते पाहतात, आणि तिथे घर, काम, कुटुंब असेल तर खूप कमी दिवसांतही निवासी ठरता. दोन देशांनी तुम्ही आपलेच निवासी असा एकाच वेळी दावा केला तर त्यांच्यातल्या कर-करारातला क्रम साधारणपणे असा: कायमचं घर, मग जीवनाचं केंद्र (कुटुंब आणि आर्थिक संबंध जिथे जास्त), मग नेहमीचा मुक्काम, मग नागरिकत्व. घर मालकीचंच हवं असं नाही; वर्षभर तुमच्यासाठी राखलेली भाड्याची खोलीही पुरते.

तेव्हा घ्यावी कोणी? ज्याचा कर-निवास एका देशात पक्का आहे, तिथलं कर-निवास प्रमाणपत्र ज्याच्या हातात आहे आणि ज्याला युरोपियन ग्राहकांसाठी स्वच्छ कागदपत्रांची कंपनी हवी आहे, त्याने जरूर घ्यावी. निवासच धूसर असेल तर आधी तो ठरवा. आणि संचालक म्हणून मोबदला घेणार असाल तर हिशेबात धरा: तुम्ही कुठेही राहत असलात तरी त्यावर एस्टोनियात २२ टक्के आयकर कापला जातो, आणि बहुतेक वेळा कंपनीला वर ३३ टक्के सामाजिक करही भरावा लागतो.