‘आइ’ची ‘आई’ करून देणारा कुडाळचा टॅटूवाला

सतरा वर्षांची असताना मी जत्रेत हातावर ‘आई’ गोंदवून घेतलं होतं. बॅटरीवरचं मशीन, सगळ्यांना एकच सुई, मागे दहा-बारा जणांची रांग आणि गोंदणाऱ्याला घाई. घरी आल्यावर आईने हात धरला, चष्मा लावला आणि म्हणाली, "इ ऱ्हस्व काढलीय." ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवायची. हात रंगवून आल्याचा ओरडा नंतर बसला, शुद्धलेखनाचा आधी.

पुढे नर्सिंगला गेले. हिपॅटायटिस बीचा धडा सुरू असताना ती जत्रेतली सुई आठवली आणि पोटात गोळा आला. तपासण्या करून घेतल्या, निघालं काहीच नाही. ‘आइ’ मात्र वीस वर्षं मनगटाच्या वर तशीच राहिली, शाई पसरून हिरवट झालेली. सलाईन लावताना पेशंट वाचतात आणि गालात हसतात. शेवटी मागच्या नोव्हेंबरात ठरवलं, हे झाकून टाकायचं. मैत्रिणी म्हणाल्या गोव्याला जा. मला मालवणहून कुडाळ सोयीचं, एसटीत बसलं की झालं.

दुकान बाजारात, मोबाइलवाल्याच्या वर. जिना अरुंद आणि वरच्या तुळईला डोकं आपटतं. हा पोरगा तिशीचाच असेल. मी फोनवर शोधून ठेवलेलं भलंमोठं कमळ दाखवलं. त्याने माझा हात उजेडात धरला, अंगठ्याने कातडी ताणून बघितली आणि म्हणाला, "ताई, ह्या झाकूचा कित्याक? वर एक रेघ मारली की झाला!"

वीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. इ आणि ई यांत फरक तो काय, डोक्यावरचा तेवढा फराटा. कमळाचे त्याला सात-आठ हजार मिळाले असते, रेघेचे पाचशे.

आणि तीही त्या दिवशी मारली नाही. मी रात्रपाळी संपवून, नुसत्या चहावर आले होते. ते कळल्यावर सरळ म्हणाला, आज नको, झोपून आणि जेवून या. तासाभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला परत पाठवतो म्हणजे काय! संतापले होते, खरं सांगते. पण उपाशीपोटी इंजेक्शन घेऊन धाडकन पडणारी माणसं मी रोज उचलते, त्यामुळे तोंड उघडता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी इन्स्पेक्टरच्या नजरेने बसले. सुईचं कार्ट्रिज माझ्यासमोर फोडलं, तारीख दाखवली. मशीनला आणि वायरला प्लास्टिक गुंडाळलेलं. शाई बोटाच्या पेराएवढ्या कपात ओतलेली, उरलेली फेकून दिली. इथवर पैकीच्या पैकी. मग फोन वाजला आणि साहेबांनी ग्लोव्हजच्या हाताने तो उचलला. मी काही बोलले नाही, फक्त बघितलं. त्याने ग्लोव्हज काढले, हात धुतले, नवे घातले. त्यानंतर फोन ड्रॉवरमध्ये. वापरलेल्या सुया कुठे जातात विचारलं तर पाण्याची रिकामी बाटली दाखवली. मी त्याला पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्याबद्दल सांगितलं; आमच्या वॉर्डात असतो तोच. पुढच्या वेळी तो डबा टेबलावर होता आणि मी बसायच्या आधीच त्याने बोट दाखवलं.

रेघ पाच मिनिटांत झाली, पण नवी काळी कुळकुळीत आणि खालची अक्षरं हिरवट. म्हणून सगळ्याच अक्षरांवरून एकदा हात फिरवला, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आईला दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हं." तिसरीच्या वह्यांवर बरोबरची खूण करताना ती असंच म्हणायची.

मग मला चटक लागली. त्या ‘आई’भोवती सुरंगीचा वळेसर, म्हणजे सुरंगीच्या फुलांचा गजरा, हवा होता. नेटवरच्या फोटोवरून काढायला हा तयार नाही. "सीझनात फुला घेवन येवा, मगे बघूया." तीन महिने थांबले. मार्चमध्ये वेंगुर्ल्याहून वळेसर मागवला, केळीच्या पानात बांधून नेला. खोलीभर वास. त्याने एक फूल उलटं करून देठाची बाजू रेखाटली, एक अर्धवट उमललेलं रेखाटलं, कळ्या गोल गोल बटणांसारख्या. मला मधले केसर पिवळे हवे होते. तो म्हणाला, शाई कातडीच्या वरच्या थराखाली बसते, आपला रंग तिच्यावर काचेसारखा येतो. फोनमधला पिवळा तुमच्या हातावर दोन वर्षांत मातकट दिसेल. आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन काळंच होतं आणि शेवटपर्यंत वाचता येत होतं, हे मला तेव्हा आठवलं. काळ्या ठिपक्यांत करून घेतलं. हातावर एक तीळ आहे, त्यावरून सुई न्यायला त्याने साफ नकार दिला: तीळ बदलला तर डॉक्टरला दिसायला हवा. तिथे दोन फुलांत फट आहे. सुरुवातीला खटकायची.

दोन बैठका, सहा हजार. मनगटाच्या आतल्या बाजूला डोळ्यांत पाणी आलं.

खरी गंमत नंतर. हात कोपरापर्यंत धुवायचा आमचा धंदा, त्यामुळे त्याने आठवडाभर रजा घ्यायला लावली. समुद्रात उतरायचं नाही आणि दोन आठवडे मासे-कुर्ल्या साफ करायच्या नाहीत. हे त्याने नवऱ्यालाही ऐकवलं. त्या पंधरवड्यात घरी बांगडे ज्या अवस्थेत शिजले त्याचं वर्णन नको. रक्तदान एक वर्ष बंद, हे मला ठाऊक होतं, पण सुई लावायच्या आधी त्याने ते विचारून घेतलं. शिबिरात दरवर्षी पहिला नंबर माझा असतो, तो यंदा हुकला.

आता तक्रारी. दिलेल्या वेळेला हा कधीच मोकळा नसतो. दीड तास बाकावर बसून मोबाइलवाल्याची गिऱ्हाइकं मोजली आहेत. गाणी कान किटतील एवढ्या आवाजात. वर लावलेली पारदर्शक पट्टी आपल्या घामात दुसऱ्या दिवशीच सुटली, साध्या पाण्याने धुऊन पातळ क्रीम लावण्यावरच निभावलं. आणि एका कळीतली शाई खपलीबरोबर निघून गेली. फोटो पाठवला तर उत्तर आलं, "पाऊस संपू दे, फुकट भरून देतंय."

पाचपैकी साडेचार. फोन उचलत नाही, मेसेज करा. जेवून जा.