गॅरेजमधल्या वर्कशॉपला निळं सॉकेट की लाल?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये जुनी यंत्रं मिळणं अवघड नाही. खरा प्रश्न लेथ रो-हाउसच्या पार्किंगमध्ये उतरवल्यावर पडतो. सिंगल फेजवर 32 अँपिअरचं तीन पिनांचं निळं औद्योगिक सॉकेट बसवायचं, की थ्री फेज घेऊन पाच पिनांचं लाल? घरगुती 16 अँपिअरचा पॉइंट मी यात धरलेलाच नाही. रोजच्या वेल्डिंगला त्याच्या पिना तापतात आणि प्लास्टिक पिवळं पडतं.

कागदावर लाल उजवं आहे, हे आधीच मान्य करतो. 3 एचपीची थ्री फेज मोटार 5 अँपिअरच्या आसपास घेते, तेवढीच सिंगल फेज मोटार 16-17 घेते. शिवाय थ्री फेज मोटारीत कपॅसिटर नाही, सेंट्रिफ्युगल स्विच नाही, म्हणजे बिघडायला दोन वस्तू कमी. 16 अँपिअरच्या लाल सॉकेटला 2.5 एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) पाच वायरी पुरतात, निळ्याला 6 एमएमच्या तीन लागतात. निळ्यासाठी 4 एमएम चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाइपातून नेलेली 4 एमएम 30 अंशांना 32 अँपिअर झेलते खरी, पण मे महिन्यात पत्र्याखाली हवा 40 वर गेली की तीच जेमतेम 28 ची उरते. एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) 32 चा, वायर 28 ची. मग एमसीबी पडायच्या आधी वायर भाजते.

तरीही मी निळं बसवलं, ते एक फेज जाण्यामुळे.

जून लागला की फांदी तारांना घासते, कुठे दोन तारा जोडणारा जंपर ढिला होतो, डीपीवरचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एकच फ्यूज उडतो. घरातल्या दोन खोल्यांत दिवे चालूच असतात, त्यामुळे काही गेलंय हे कळतही नाही. गॅरेजमध्ये हिरवं बटण दाबावं तर मोटार फिरत नाही, नुसती घूं-घूं करते. चालू असताना फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजांवरचा करंट पावणेदोनपट होतो. मग वार्निशचा जळका वास येतो आणि वाइंडिंग जातं. यावर उपाय आहे: डीओएल स्टार्टर (मोटार थेट लाइनवर चालू करणारा), मोटारीच्या प्लेटवरच्या अँपिअरला लावलेला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा). यांनी मोटार वाचते, काम मात्र वाचत नाही. आटे अर्धे पाडलेला जॉब चकमध्ये तसाच राहतो आणि फेज परत येईपर्यंत हात बांधून बसावं लागतं. याहून वाईट म्हणजे न्यूट्रल ढिला होणं. तेव्हा घरातल्या 230 व्होल्टच्या फ्रिज-टीव्हीवर 300 च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. तुमच्या भागात केबल जमिनीखालून असेल तर हा त्रास कदाचित होणारही नाही. महावितरणच्या घरगुती दरात थ्री फेजचा स्थिर आकार जास्त असतो, तो वर्कशॉप बंद असलं तरी भरावा लागतो.

थ्री फेजचा जुना लेथ निळ्यावर चालवायला व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज बनवणारा ड्राइव्ह) लागतो. 2 एचपीपर्यंत हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो. आधी मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडून पाहा. सहा टोकं बाहेर आलेली असतील आणि प्लेटवर 415 स्टार (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल, तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. मग ती 230 वर पूर्ण ताकद देते. प्लेटवर 415 डेल्टा असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. 2 एचपीचा ड्राइव्ह इनपुटला साधारण 15 अँपिअर घेतो, पण मोटार हळूहळू उचलतो, त्यामुळे घरातले दिवे मंद होत नाहीत. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच ठेवू नका. चालू-बंद ड्राइव्हवरूनच करा. 20 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवलं तर मोटारीचा स्वतःचा पंखा पुरत नाही. ड्राइव्हच्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) वेगळा द्या. साधा एसी टाइप नको, माहितीपत्रकात सांगितलेलाच टाइप घ्या.

वेल्डिंगची अडचण नाही. इन्व्हर्टर मशीनवर 3.15 ची रॉड 110 अँपिअरला चालवली तरी लाइनवर 20 च्या आसपास येतात. निळ्याची खरी दुखरी जागा कॉम्प्रेसर. 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना 11-12 घेतो, उठताना 60-70. टाकी भरून मोटार थांबली की प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ आवाज यायला हवा. तो आला नाही तर हेडमध्ये हवा अडकलेली असते आणि पुढच्या वेळी मोटार त्या दाबाविरुद्ध उठायला बघते. एमसीबी पडतो आणि दोष वायरिंगला दिला जातो. ही हवा सोडणारा अनलोडर वाल्व साफ करा.

बसवताना डीबीतून (घरातल्या एमसीबींच्या पेटीतून) स्वतंत्र लाइन, सी कर्व्हचा (मोटार उठतानाचा झटका सोसणारा) 32 चा डबल पोल एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थची वायरही 6 एमएमचीच. पावसाचं पाणी उडतं तिथे आयपी 67 चं, फिरवून घट्ट होणाऱ्या रिंगचं सॉकेट घ्या, कमरेच्या वर, तोंड खाली झुकलेलं. ही सॉकेटं जळतात ती बहुधा ढिल्या स्क्रूमुळे. तारेच्या टोकाला धातूचा लग क्रिम्प करा (दाबून बसवा) आणि महिन्याभराने मेन बंद करून, टेस्ट लॅम्पने खात्री करून, स्क्रू पुन्हा आवळा. मीटरपासून मेन स्विचपर्यंतचा भाग मात्र मेन बंद केला तरी जिवंतच असतो, तिथे परवानाधारक वायरमनशिवाय कुणी हात लावू नये. मंजूर लोड कमी असेल तर तो आधी वाढवून घ्या.

5 एचपी किंवा त्यावरची मोटार घ्यायचीच असेल तर सरळ लाल बसवा, आणि मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या. आत्ता ठरत नसेल तर निळं बसवताना पाइप 25 ऐवजी 32 एमएमचा टाका. पुढे पाच वायरी त्यातूनच जातील.