मांजराचा दात विरघळतोय: मुळासकट काढायचा की फक्त वरचा भाग कापायचा?

निर्णय डोळ्यांनी होत नाही, दाताच्या एक्स-रेवर होतो. तोही पूर्ण भूल देऊनच, कारण जागं मांजर तोंडात फिल्म ठरू देत नाही. एक्स-रेची सोय नसेल तर दात कापून घेऊ नका.

मूळ शाबूत आणि त्याभोवतीची काळी बारीक रेघ स्पष्ट दिसत असेल, तर तो विरघळण्याचा पहिला प्रकार. इथे दात मुळासकटच काढावा लागतो. खालच्या जबड्यातल्या तिसऱ्या उपदाढेला (सुळा आणि दाढ यांच्या मधला दात) दोन मुळं असतात, म्हणून आधी दात उभा कापून एकेक मूळ वेगळं काढतात. घाई केली की मूळ मोडतं. तुकडा आत राहिला तर दुखणं आणि संसर्गही राहतो. खालच्या सुळ्याला जोर लावला तर जबडाच मोडू शकतो.

दुसऱ्या प्रकारात मुळाचं हाड होत आलेलं असतं, ती रेघ नाहीशी होते. ओढायला काही उरतच नाही. हिरडी उचलून दात हाडाच्या कडेखाली 1-2 मिमी घासतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी हिरडी बंद करतात. जखम लहान, वेळही कमी. पण तोंडभर सूज, हिरड्यांचा पू किंवा मुळाच्या टोकाशी गळू असेल तर हा मार्ग बंद. मुळं काढावीच लागतात.

एकाच दाताचं एक मूळ शाबूत, दुसरं विरघळलेलं असंही होतं. तेव्हा पहिलं काढतात, दुसरं ठेवतात.

दाताला पडलेल्या भोकात सिमेंट भरणं? विरघळणं त्याखालीही चालूच राहतं.